तिझगीच्या अंधाराचा भाव

गेल्या रमजानात आमच्या तिझगी गावाने महिनाभर रोज सूर्य बुडायच्या एक तास आधीच रोजा सोडला. गावात कुणालाच याचा पत्ता नव्हता. आम्ही आपले इमानेइतबारे दिवसभर उपाशी राहत होतो, थुंकीसुद्धा जपून गिळत होतो आणि अजान झाली की खजूर तोंडात टाकत होतो. पण तिकडे राजधानीत, रबातला, एक संगणक आहे. देशाला पुढची पंचवीस वर्षं वीज कुठून, किती आणि केवढ्याला मिळेल हे तो सांगतो. त्याच्या म्हणण्यानुसार आमच्या वाट्यांत हरीऱ्याचं दाट सूप वाढलं जात होतं तेव्हा बाहेर चांगलं ऊन होतं. अख्ख्या गावाला पापी ठरवायला पूर्वी निदान माणूस तरी लागायचा.

गावाच्या वरच्या माळावर सोलर पॅनेल आहेत. नजर पोचेल तिथपर्यंत. त्यांच्या शेजारी काँक्रीटचा एक भलामोठा ओटा आहे. त्यावर बॅटऱ्यांचं घर उभं राहणार होतं. दिवसाचं ऊन बॅटऱ्यांत साठवायचं आणि संध्याकाळी वापरायचं, असा मूळ बेत. ओटा घालून झाला आणि रबातहून नवा आराखडा आला. संगणकाने सगळा हिशेब करून सांगितलं होतं की या कोपऱ्यात बॅटऱ्यांची गरजच नाही, एवढा खर्च वाचतो. बॅटऱ्या खोडल्या. ओट्यावर आता शेळ्या बसतात. देशात शेळ्यांसाठी एवढी महाग बैठक दुसरीकडे कुठे नसावी.

त्याच आराखड्यात आमचं डिझेलवर चालणारं जुनं वीजघरही बंद झालं. त्याबद्दल कुणी रडलं नाही. ते मेलं खोकायचं फार, आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी धरायची. ते बंद झालं त्या दिवशी माझ्या धाकट्या बहिणीने, इज्जाने, सगळ्या गल्लीला पुदिन्याचा चहा पाजला होता. त्यामुळे तिला सूर्याचं वावडं आहे असं कुणी म्हणू नये.

पण मग सूर्य बुडाल्यावर आमची वीज येते ती डोंगरापलीकडून, एका जुन्या तारेवरून. एरवी ती पुरते. रमजानात मात्र एकाच क्षणी घराघरांत दिवे, भट्ट्या आणि टीव्ही सुरू होतात. तारेला ते पेलत नाही. मग दूर कुठल्याशा खोलीत बसलेला माणूस तारेचं शेपूट तोडतो. शेपूट म्हणजे आम्ही.

पहिल्या रोज्याला अजान अर्ध्यात गेली. लाऊडस्पीकर बंद पडला, तेव्हा मुअज्जिनने उरलेली गच्चीवरून ओरडून पुरी केली. लोक हसले, मेणबत्त्या लावल्या, जेवले. इज्जा हसली नाही. ती गावातल्या बायकांच्या दूध संस्थेची प्रमुख आहे. बायका संध्याकाळची धार काढतात, कॅन गाढवावर घालून आणतात आणि संस्थेच्या थंड टाकीत ओततात. रात्रभर टाकी दूध गार ठेवते, आणि पहाटे डेअरीची गाडी येऊन घेऊन जाते. धार काढून होते नेमकी सूर्य बुडायच्या सुमाराला. म्हणजे दूध गायीइतकंच गरम असताना, टाकी पोटापर्यंत भरलेली असताना, वीज गेली आणि चांगली दोन तास आली नाही.

पहाटे डेअरीचा ड्रायव्हर मोहा आला. काचेच्या नळीत त्याने थोडं दूध घेतलं, त्यात स्पिरिट घातलं, नळी हलवली. काचेला बारीक कण्या चिकटल्या.

"लल्ला इज्जा, हे मी नाही नेऊ शकत." मानाच्या बाईला आमच्याकडे लल्ला म्हणतात.

"का? कालचंच तर आहे!"

"कालचं आहे म्हणूनच नेऊ शकत नाही. फाटायला लागलंय."

"मोहा, तू लहानपणी माझ्याच घरचं दूध पीत होतास."

"तेव्हा नळी नव्हती, लल्ला." त्याने नळी धुऊन खिशात ठेवली. "माझ्या हातात असतं तर नेलं असतं. पण साहेब म्हणालेत, रमजानात असं दूध परत परत आलं तर गाडीचा रस्ताच बदलायचा. मग तुमच्याकडे येणंच बंद."

गाडी बंद म्हणजे संस्था बंद. संस्था बंद म्हणजे गावातल्या निम्म्या घरांत बाईच्या हातात स्वतःचा म्हणून येणारा पैसा बंद. हे मोहालाही माहीत होतं. म्हणून तो लगेच गाडीत बसला.

रमजानात शेवटच्या तासाला माणसाचं जे डोकं फिरतं, त्याला आमच्याकडे तरमदीना म्हणतात. दिवसभर चहा नाही, सिगरेट नाही, मग गाडी कुठे लावली यावरून सख्खे भाऊ एकमेकांची कॉलर धरतात आणि अजान झाली की त्याच हातांनी एकमेकांना खजूर भरवतात. तरमदीनाला सगळं माफ असतं, कारण ती रोज्याबरोबर सुटते. इज्जाची त्या दिवशी चढली ती सुटेना. हरीरा पिऊनही सुटेना. पहाटे चढलेली तरमदीना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

तिने रबातला फोन लावला. तिची मुलगी नुहैला तिथे वीज नियोजनाच्या कचेरीत आहे. आराखडा काढणाऱ्या संगणकाशी बोलणाऱ्या चारसहा लोकांत ती एक. गावात आम्ही ते मोठ्या तोऱ्यात सांगायचो.

"आई, तिझगीत तुटवडा होऊच शकत नाही," नुहैला झोपेतून म्हणाली. "आम्ही वर्षातला प्रत्येक तास तपासलाय. तुमच्याकडे तुटवडा शून्य आहे."

"शून्य? मग माझ्या टाकीत जे आंबलंय ते काय, शून्याचं दही?"

"काहीतरी तांत्रिक बिघाड असेल."

"बिघाड नेमका अजानेच्या वेळेला होतो का गं? नमाजी बिघाड आहे का तो?"

चार दिवस हाच बिघाड नेमाने होत राहिला. मोहाची गाडी दोनदा रिकामी परत गेली. शुक्रवारी नुहैला बसने घरी आली. आल्या आल्या तिने अंगणात लॅपटॉप उघडला आणि मला विचारलं, "मामा, काल रोजा कधी सोडलात?"

"अजान झाली तेव्हा."

"घड्याळात किती वाजले होते?"

"सहा चाळीस."

तिने पडद्यावर बोट सरकवलं. मग थांबली. मग पुन्हा सरकवलं. मग तिचा चेहरा असा झाला, की मी विचारलं, "काय गं, कुणी गेलं का?"

ती वाकली आणि माझ्या पायांतल्या दोन्ही बल्घा काढून घेतल्या. चपला अंगणात शेजारी शेजारी ठेवल्या. "मामा, ही डावी म्हणजे सूर्य. उपग्रहावरून येतो. ऊन कुठल्या तासाला किती. ही उजवी म्हणजे माणसं. मीटरवरून येतात. वीज कुठल्या तासाला किती वापरली. दोन्ही शेजारी लावायच्या, की कधी कमी पडते ते कळतं."

"बरं."

"आता रमजान लागला." तिने उजवी चप्पल वीतभर मागे ओढली. "सरकार घड्याळ एक तास मागे घेतं. माणसं मागे सरकली."

"आणि सूर्य?"

"सूर्याला कुणी कळवलंच नाही."

मी अनवाणी उभा राहून चपलांकडे पाहत होतो. आमच्या देशात रमजानाच्या आदल्या दिवशी घड्याळं मागे घेणं हे दात घासण्याइतकं अंगवळणी पडलंय. आपण ते करतो हेसुद्धा आपल्याला आठवत नाही. नुहैलाने तिचं मनगटी घड्याळ त्या वर्षीही मागे घेतलं होतं. संगणकातला सूर्य तेवढा जिथे होता तिथेच राहिला. म्हणून त्याच्या हिशेबात सहा चाळीसला अख्खं गाव जेवायला बसायचं आणि डोक्यावर अजून तासभराचं ऊन असायचं. त्या उन्हात दिवे लागत होते, भट्ट्या पेटत होत्या, टाकी गार होत होती. बॅटऱ्या कशाला लागतील?

"हे कुणी केलं?" इज्जाने दारातून विचारलं. ती कधी येऊन उभी राहिली ते कळलं नव्हतं.

"मी," नुहैला म्हणाली. "दोन्ही रकाने मीच लावले."

मला वाटलं आता आभाळ कोसळणार. पण इज्जा नुसती म्हणाली, "चुकलं तर चुकलं. मीही एकदा खारं पाणी टाकीत सोडलं होतं. जा, तुझा सूर्य जागेवर आण, आणि माझी वीज दे."

नुहैला दुसऱ्याच दिवशी परत गेली. आठवड्याने तिचा फोन आला. इज्जाने तो मोठ्या आवाजावर टाकून टाकीवर ठेवला, सगळ्या बायकांना ऐकू जावा म्हणून.

"आई, चूक सांगितली. सी लहलूंनी ऐकून घेतलं, रागावले नाहीत." सी किंवा सिदी म्हणजे साहेब; हे लहलू तिचे संचालक, फेस शहरातल्या खानदानी घरातले. "मी सूर्य दुरुस्त केला. सगळं परत चालवलं. आता तिझगीत रमजानात रोज तुटवडा दिसतो."

बायकांनी एकदम झग्रूत घातली. लग्नात घालतात तशी जिभेची ललकारी. एक गाढव दचकलं.

"थांबा ना," फोन म्हणाला. "उत्तर तेच आलं. बॅटऱ्या नकोत."

"म्हणजे? तुटवडा दिसतोय ना त्याला?"

"दिसतोय. पण तो परवडतो." नुहैलाचा आवाज कागद वाचून दाखवावा तसा सपाट झाला होता. "संगणक सगळ्यात स्वस्त मार्ग शोधतो, आई. बॅटरीला खर्च आहे. अंधारालाही खर्च धरलेला असतो. ज्यात कमी खर्च, ते तो निवडतो."

"अंधाराला भाव असतो?"

"असतो. वीज गेली की ज्याची जेवढी कमाई बुडते, तेवढा त्याचा अंधार महाग. कासाब्लांकाचा फार महाग आहे. माराकेशचा, हॉटेलं आहेत म्हणून, बरा आहे. आपला..."

"बोल."

"आपला स्वस्त आहे. बॅटरीपेक्षा पुष्कळ स्वस्त."

"आणि हे दूध? हे बुडतं त्याचं काय?"

"बायकांच्या संस्थेचं दूध घरकामात धरलंय. घरकामाचा भाव नाही."

टाकीची मोटर घरघरत होती, दुपार असल्यामुळे. तूडा म्हणून एक बाई, जी रोज नदीपलीकडच्या ऐत उफला गावातून आमच्याकडे गप्पा मारायला येते, ती म्हणाली, "माझा नवरा दिवसभर कॅफेत बसतो. त्याच्या अंधाराला भाव असेल ना गं?"

"निदान तो कागद तरी बदलला का?" इज्जाने विचारलं. "छापलेला?"

"नाही. सी लहलू म्हणाले, उत्तर बदलत नसेल तर छापील कशाला बदलायचं. ज्या परदेशी बँकेचं कर्ज घ्यायचंय तिच्याकडे तो कधीच गेलाय. त्यात अजून तसंच आहे. रमजान, तिझगी, सहा चाळीस, ऊन भरपूर, तुटवडा नाही. खाली त्यांची सही."

इज्जाने फोन बंद केला. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. गावात सगळ्यांना माहीत आहे की ती ओरडते तोवर धोका नसतो. ती ओढणीने टाकीचं झाकण पुसू लागली. बराच वेळ पुसत होती.

"माझ्या अंधाराचा भाव काढताना," ती शेवटी म्हणाली, "मला कुणी विचारायला आलं होतं का? मी कोंबडी विकते तरी समोरचा घासाघीस करतो."

योगायोग म्हणा किंवा सरकारी सवय म्हणा, त्याच आठवड्यात जिल्ह्यातून निरोप आला. परदेशी बँकेच्या बाई आणि सी लहलू माळावरच्या प्रकल्पाच्या पुढच्या टप्प्याची पाहणी करायला येताहेत. संध्याकाळचं इफ्तार दूध संस्थेच्या हॉलमध्ये ठेवावं, स्थानिक महिलांच्या हातचं, साधं, घरगुती. फोटोग्राफर सोबत असेल.

"करू की," इज्जा म्हणाली. आवाज गोड होता, म्हणजे धोका होता.

पाहुणे ऊन उतरताना आले, दोन पांढऱ्या गाड्यांतून. नुहैलाही होती, संचालकांची बॅग धरून, आईची नजर चुकवत. सी लहलू उंच, नीटनेटके, बोलायला मधाळ. पण ते सिगरेटवाले होते, हे हॉलमध्ये शिरताच कळलं. बसल्यापासून ते टेबलावर पाकीट उलटंसुलटं करत होते. बँकेच्या बाईंचं नाव उल्रिका. त्या रोजा धरत नव्हत्या, पण आमच्याबरोबरच खाईन म्हणून सभ्यपणे थांबल्या होत्या. मशिदीचे फकीह सी ब्राहिम डोळे मिटून बसले होते. मोहालाही बोलावलं होतं, त्याने गाडी रिकामी न्यायची नाही या अटीवर. तो म्हणाला, अट जेवल्यावर बोलू.

टेबलावर हरीरा वाफाळत होता. खजूर, जिरं घातलेली उकडलेली अंडी, मधात बुडवलेली शबाकिया आणि प्रत्येकाच्या समोर सकाळच्या, गार राहिलेल्या दुधाचा पेला. खिडकीतून पॅनेलवर तांबूस उजेड दिसत होता. फोटोग्राफरने तो घेतला. "बघा," सी लहलू बाईंना म्हणाले, "सूर्यच आमचं भविष्य आहे."

अजान सुरू झाली आणि वीज गेली.

मुअज्जिनचा आवाज गच्चीवर चढला. इज्जाने गॅसची बत्ती पेटवून टेबलावर ठेवली आणि खजुरांची थाळी उचलली. "घ्या सी ब्राहिम. मोहा, घे. गाडीवाले दादा, तुम्हीही घ्या. मॅडम, तुम्ही घ्या." मग ती सी लहलूंपाशी आली. त्यांचा हात पुढे झालेला होता. इज्जाने त्यांच्या हरीऱ्यावर एक ताटली पालथी घातली, दुधाच्या पेल्यावर दुसरी, आणि खजूर घेऊन पुढे गेली.

सी लहलू हसले. त्यांना वाटलं काही स्थानिक प्रथा असेल.

"लल्ला, माझं राहिलं."

"राहिलं नाही, सिदी. तुमची वेळ व्हायचीय."

"अजान झाली की!"

"ती आमची. आमचा सूर्य बुडाला. तुमचा अजून वर आहे. रमजान, तिझगी, सहा चाळीस, ऊन भरपूर, तुटवडा नाही. खाली सही." ती त्यांच्या समोरच खुर्ची ओढून बसली. "भर उन्हात तुम्हाला खाऊ घातलं तर पाप मला लागेल. तासभराचा तर प्रश्न आहे. आम्ही बसतो ना रोज दोन तास."

सी लहलूंनी पाकीट उचललं, ठेवलं. "ही थट्टा आहे का?"

"माझं दूध आंबलं तेव्हा तुम्ही थट्टा केली होती का?"

"सी ब्राहिम," त्यांनी फकीहांकडे दाद मागितली, "तुम्ही तरी सांगा हो यांना. रोजा सोडायला उशीर करवणं बरं आहे का?"

फकीहांनी अंड्याला जिरं लावलं. "अजिबात बरं नाही. पण सूर्याच्या बाबतीत मी साक्षीवर चालतो. तुमची एक साक्ष लिखित आहे, ऊन असल्याची. सूर्य बुडताना तुम्ही पाहिलात का?"

"पाहिला! आत्ता, सगळ्यांसमोर!"

"मग मोठ्याने सांगा. मॅडमनाही कळेल अशा भाषेत. म्हणजे आधीची साक्ष रद्द होईल."

सी लहलूंचा चेहरा बत्तीच्या उजेडात हिरवट दिसत होता. बँकेच्या बाई नुहैलाकडे वळल्या आणि हळूच काहीतरी विचारलं. नुहैलाच्या हातात अजून साहेबांची बॅग होती. तिने ती खाली ठेवली. मग फ्रेंचमध्ये बोलू लागली, आधी अडखळत, मग न थांबता. चपला नव्हत्या म्हणून तिने दोन भाकऱ्या घेतल्या. एक सूर्य, एक माणसं. एक मागे ओढली. शेवटी म्हणाली, चूक माझी होती. मी ती सांगितली. छापली गेली नाही.

बाईंनी भाकऱ्यांकडे पाहिलं. मग सी लहलूंकडे. "मस्यू लहलू, सूर्य बुडालाय का?"

आता काय सांगू, दिवसभर सिगरेट न ओढलेल्या माणसाचा तो आवाज. "बुडाला!" त्यांनी टेबलावर हात आपटला. पेले उडाले. "बुडाला, बुडाला! सहा चाळीसला बुडाला, रोज बुडतो, कागद चुकलाय! झालं समाधान?"

"बिस्मिल्ला," इज्जा म्हणाली आणि ताटल्या उचलल्या.

तो माणूस जेवला ते पाहण्यासारखं होतं. दोन खजूर, हरीरा, दूध, आणि दारात जाऊन लागोपाठ दोन सिगरेटी. दुसरी ओढता ओढता त्यांनी फोन लावला. पाठमोरे होते, म्हणून नीट ऐकू आलं नाही. थोड्याच वेळात दिवे आले. टाकीची मोटर खाकरली आणि सुरू झाली. बायकांनी टाळ्या वाजवल्या, फोटोग्राफर धावला. सी लहलू आत आले तेव्हा त्यांचा आवाज पुन्हा मधाळ झाला होता. "लल्ला इज्जा, माणसाने रागावण्याआधी सांगावं. एक फोन पुरतो."

इज्जा पहिल्यांदाच थोडी सैल झाली. टाकीवर हात ठेवून उभी राहिली, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. ती हसणारसुद्धा होती, माझी खात्री आहे.

"आई," नुहैला दारातून म्हणाली. "इकडे ये."

आम्ही सगळेच गेलो. नदीपलीकडे ऐत उफलाचे दिवे असतात, टेकडीवर सांडल्यासारखे. तिथे काहीच नव्हतं. टेकडीसुद्धा नव्हती.

"तोच तुटवडा आहे," नुहैला म्हणाली. "फक्त पलीकडे ढकललाय. त्यांचा अंधार आपल्याच भावाचा आहे. हिशेबात काही फरक पडत नाही."

तूडा आमच्याच घोळक्यात होती. तिने ओढणी डोक्यावर घेतली. "माझं दूध," ती म्हणाली. "आमच्या गावची टाकी." आणि नदीकडे चालू लागली.

इज्जा वळली. मी तिला लहानपणापासून ओळखतो, पण तो चेहरा मला नवा होता. "आमची वीज तूडाच्या घरातून काढून दिलीत? माझ्या हॉलमध्ये बसून? माझं दूध पिऊन?"

"कुठून तरी काढावीच लागते," सी लहलू म्हणाले. मला वाटतं, त्या संध्याकाळी त्यांनी बोललेलं हे सर्वांत खरं वाक्य होतं.

"ज्यांच्याकडून काढली त्यांच्याकडे चला मग. किल्ल्या काढा."

"कसल्या?"

"गाड्यांच्या. त्यांची टाकी बंद आहे, माझी चालू आहे. त्यांचं दूध इकडे आणायचंय, आत्ता, गरम आहे तोवर. गाढवांनी होणार नाही."

"त्या सरकारी गाड्या आहेत, लल्ला!"

"मग सरकारी कामच आहे. तूडा, थांब! पायी नको जाऊ!"

बँकेच्या बाईंनी स्वतःच्या गाडीचं मागचं दार आपणच उघडलं. त्यानंतर सी लहलूंना दुसरा मार्ग राहिला नाही. नदीत पाणी घोट्याएवढंच होतं. दोन्ही गाड्या पलीकडे गेल्या, अंधाऱ्या गल्ल्यांतून दिव्यांचे झोत फिरले आणि दारादारातून बायका कॅन घेऊन बाहेर आल्या. परत येताना मी पुढे बसलो होतो. मागे सी लहलू, दोन्ही गुडघ्यांत एक कॅन धरून. त्याचं झाकण बसत नव्हतं. प्रत्येक दगडाला थोडं दूध त्यांच्या पँटवर येत होतं. "घट्ट धरा, सिदी," शेजारी बसलेली इज्जा दर वेळी सांगत होती. "सांडलेल्याला भाव नाही."

पहाटे मोहाने दोन्ही गावांचं दूध नळीत घातलं, हलवलं, प्रकाशासमोर धरलं. काच स्वच्छ राहिली. त्याने पाइप टाकीला लावला.

त्याला आता वर्ष झालं. बँकेच्या बाईंनी कागद परत पाठवला, नवा छापला गेला. त्यात सूर्य वेळेवर बुडतो. अंधाराचा भाव मात्र तोच आहे, बॅटऱ्या नाहीत, ओट्यावर शेळ्या आहेत. माळावरच्या नियंत्रण कक्षाची स्वतःची छोटी बॅटरी आहे, तिच्यावरून एक तार दोन्ही गावांच्या टाक्यांपर्यंत ओढून दिली. टाक्यांपर्यंतच. बँकेच्या पत्रकात त्या तारेचा फोटो आला, खाली लिहिलं होतं, समस्या सुटली. नुहैलाची बदली सरपणाच्या आकडेवारीकडे झाली. ती म्हणते, तिथे निदान सूर्य लागत नाही.

त्यामुळे यंदाच्या रमजानात अजान झाली की तिझगी अंधारात बुडते, आणि गावात एकच खोली उजळलेली असते, दुधाची. अर्धं गाव तिथेच येऊन टाकीभोवती रोजा सोडतं. इज्जा कुणाला नाही म्हणत नाही, पण कुणी तारेचं कौतुक केलं की त्याच्या वाटीत हरीरा कमी पडतो.

परवा निरोप आला, सी लहलू पुन्हा पाहणीला येताहेत. यंदा वेळ सकाळची ठेवली आहे, भेट थोडक्यात आटोपायची आहे, इफ्तारची तसदी घेऊ नये.

"येऊ दे सकाळी," इज्जा टाकीचं झाकण पुसत म्हणाली. "दाखवायला पुष्कळ आहे. संध्याकाळ होईलच."